रिकाम्या मोटारीचं वजन

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. अकरा हंगाम ऊसगाड्या तोलल्या. काट्याला शिव्या घालणारा शेतकरी रोज एक तरी भेटतोच. मी वीस-वीस किलोंची सरकारी वजनं मांडून दाखवतो, मग तो मुकाट्यानं जातो. माझा काटा पाच किलोंनाही चुकत नाही.

बहात्तरच्या उन्हाळ्यात गाळप बंद होतं. चारा कुठेच नव्हता, घोडेगावच्या बाजारात जनावरं मातीमोल चालली होती. माझा धाकटा भाऊ कानिफनाथ म्हैस विकायला गेला आणि तिच्या बदल्यात मोटार घेऊन आला. दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिकन, काळी, लांबरुंद, बैल जुंपून ओढत आणलेली. शेवरलेट नाहीतर डॉज असती तर गिऱ्हाईकं तुटून पडली असती. हिला कुत्रं विचारत नव्हतं. बनवणारी कंपनीसुद्धा केव्हाच बंद पडलेली. मागच्या बैठकीवर कोंबड्यांनी अंडी घातली होती.

"म्हैस दिली नि म्हैसच आणली," मी म्हणालो. कानिफ हसला. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मीच त्याला वाढवला. तो हसला की माझा राग टिकत नाही.

कानिफ कारखान्यात फिटर. तो आणि पत्र्याचं काम करणारा भिमाजी, दोघांना त्या मोटारीचं वेड लागलं. लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून पत्रा सरळ केला, रेक्झिन शिवलं, भंगारातल्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं. गाडीची तळफळी, पाय ठेवायचा पत्रा, दाराच्या उंबऱ्याहून खाली होती. इतर मोटारींत माणूस चढतो, हिच्यात उतरावं लागे.

नवं इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांना किती जोर द्यायचा ते बघायला त्यांनी गाडी माझ्या काट्यावर आणली. रिकामी गाडी सतराशे पाच किलो भरली. गंमत म्हणून कानिफ शेजारच्या पोत्यांच्या काट्यावर उभा राहिला. पासष्ट.

पुढच्या सोमवारी त्यांनी गाडीत काहीच नवं बसवलं नव्हतं. तरी गाडी सतराशे पंधरा. मी बैठकीखाली हात घालून पाहिलं, एखादा पाना राहिला असेल म्हणून. काही नव्हतं. सरकारी वजनं मांडली. काटा बरोबर होता. त्याच्या पुढच्या सोमवारी सतराशे पंचवीस.

त्याच दिवशी कानिफची बायको लंका माझ्याकडं आली. पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

"भाऊजी, ह्यांची बाज करकरत न्हाई आता."

"म्हणजे?"

"निजले तरी सुंभ दबत न्हाई. जेवत्यात तर चार भाकरी."

मी कानिफला पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. पंचेचाळीस. दंड तेच, गाल तेच, सदराही अंगाला तसाच बसलेला. पडताळ्याला लंकालाही चढवलं, ती पन्नास भरली. नगरच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, काटा बिघडलाय. मला म्हणाले हे!

मी गाडीची किल्ली काढून घेतली, गाडी ठेवलेल्या शेडला कुलूप लावलं. आठ दिवस कानिफ शेडच्या भिंतीला पाठ लावून बसला. सोमवारी कुलूप उघडून भिमाजीनं गाडी काट्यावर आणली, तर आणखी वीस किलो वाढलेले. कुलपाचा काही उपयोग नव्हता.

"दादा, आत बसलं की बरं वाटतंय," कानिफ म्हणाला. "भाईर लई भ्या वाटतंय."

मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. दुसरं काय करणार होतो?

भिमाजी गॅसकटर घेऊन आला. "तुकडं करू हिचं," म्हणाला. त्यानं ज्योत पेटवली आणि मीच त्याचा हात धरला. माझ्या भावाचे चाळीस किलो त्या पत्र्यात होते. त्यावर जाळ कसा धरू देऊ?

आषाढ कोरडाच गेला. त्याच्या शेवटच्या सोमवारी दुपारी कानिफ स्वतः गाडी घेऊन काट्यावर आला. भिमाजी माझ्या खिडकीशी उभा होता.

कानिफ आत असताना गाडी सतराशे सत्तर.

"खाली ये," मी म्हणालो.

तो उतरला. माझ्यापासून चार हातांवर उभा राहिला.

काट्याची दांडी हलली नाही.

आवारात उसाच्या भुश्शाची बारीक धूळ असते, मांजर गेलं तरी ठसे उमटतात. कानिफ माझ्याकडं चालत आला. मागं धूळ सपाट होती.

"दादा, जरा बसतो मी," तो म्हणाला आणि परत गेला. मी हाक मारली नाही. ते मला अजून खातं.

दार लागल्याचा आवाज आला.

मी दांडीकडं पाहिलं. मग मान वर केली. स्टिअरिंगमागं कुणी नव्हतं. भिमाजीनं पळत जाऊन चारी दारं उघडली.

पोलीस आले. त्या वर्षी विहिरींचे तळ उघडे पडले होते, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. एका दिवसात सगळ्या पाहून झाल्या.

भिमाजी गाव सोडून गेला. गाडी शेडमध्येच आहे. दर सोमवारी मी ती चालवत काट्यावर नेतो, उतरून तोलतो, परत आणतो. सतराशे सत्तर दिसलं की जीव थाऱ्यावर येतो. पोर आहे तिथं आहे.

लंका दुपारची गाडीत जाऊन बसते. "शेजारी हायेत वाटतं," म्हणते. मी रागावलो, पाया पडलो, ती ऐकत नाही.

काल गाडी सतराशे पंच्याऐंशी भरली. मी लंकाला बोलावून पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. पन्नासाची चाळीस झालेली.

पंधरातले दहा तिचे.

लंका काट्यावरून उतरली, माझ्याकडं बघत राहिली. "भाऊजी, तुमीबी चढा की."

मी चढलो नाही. आवार ओलांडून घरी आलो, धुळीकडं वळून न बघता.