मागच्या खोलीची कडी

ही गोष्ट ऐकीव नाही.

जिच्यावर गुजरली ती दैवशाला माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. माझ्यासमोर बसून, माझा हात धरून तिनं सांगितली. सांगताना तिच्या तळहाताला सुटलेला घाम मला जाणवत होता. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी ठेवलाय.

आणि रात्रीची वाट बघू नका. रात्र नव्हतीच.

गेल्या मे महिन्यातला बुधवार. भर दुपार. गाव परतूर, रेल्वे स्टेशनच्या अलीकडची वसाहत.

दैवशालाचं काम आधी सांगते. आमच्या वेळी घर विकायचं म्हणजे चार माणसं ओट्यावर बसायची. घेणारा भिंतीवर थाप मारून बघायचा, विहिरीत डोकावायचा, चहा घ्यायचा, झालं. आता बंद घराला गिऱ्हाईक येत नाही. आलंच तर नाक मुरडून जातं. म्हणून दैवशाला बंद घर दोन दिवसांत वसतं करून देते. पडदे लावते. दाराशी तुळस ठेवते. उंबऱ्यापाशी लहानमोठ्या चपला, भिंतीला कॅलेंडर, गॅसवर मंद आचेवर दूध. आत पाऊल टाकणाऱ्याला वाटावं, इथं माणसं सुखानं राहतात.

आणि दोरीवर ओले कपडे. तिचा नेमच तो. ती म्हणायची, "मावशी, दोरीवरचे कपडे बघितले की बायांचा जीव घरात गुंततो."

हे घर सोमेश्वर नावाच्या माणसाचं. तो पुण्याला राहायचा. फोनवरच सगळं ठरलं.

"कोणी राहत होतं का हो इथं?" तिनं विचारलं होतं.

"आई राहायची. आता आमच्याकडंच असते पुण्यात. तुम्ही बिलकुल काळजी करू नका, ताई."

दैवशालानं किल्ली घेतली.

घर चांगलं होतं. तीन खोल्या, मागं एक छोटी खोली. त्या खोलीला एकच झरोका, आणि कडी बाहेरून. अगदी वर, चौकटीपाशी. तिला टाचा उंचावूनच ती काढावी लागली.

आत एक पत्र्याची पेटी. पेटीत जुनं हिरवं लुगडं, घडी घातलेलं.

तिला बरंच वाटलं. म्हातारं माणूस नांदलेलं घर म्हणजे भरवशाचं घर. तिनं लुगडं पाण्यातून काढलं, पिळलं, आणि अंगणात दोरीवर टाकलं.

आमच्याकडं मेलेल्या बाईचं वस्त्र धुऊन दोरीवर कधी टाकत नाहीत. माझी आजी म्हणायची, वाळत टाकलेलं न्यायला बाई येतेच. पण दैवशालाला काय माहीत? तिच्या लेखी ती म्हातारी पुण्यात होती.

अकराला तिनं कपडे टाकले.

बारापर्यंत सगळे कडकडीत वाळले. मेमधलं ऊन ते. टॉवेल तर पापडासारखा झाला.

लुगडं मात्र…

ठिबकत होतं.

टप्. टप्. टप्.

खाली मातीत ओलं वर्तुळ झालं होतं.

जाडसर सूत आहे, म्हणून असेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि पाणी प्यायला आत गेली. नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ती पाण्याचा जार बरोबर घेऊनच येते. सकाळी तिनं माठ काठोकाठ भरला होता.

माठात पेला घातला…

पेला तळाला आपटला.

माठ रिकामा. नुसता रिकामा नाही, कोरडा. आत हात फिरवला तर बोटांना धूळ लागली. माठाखालची फरशीही कोरडी. गळती नाही, ओल नाही.

गॅसकडं बघितलं. पातेल्यात दूध नव्हतं. करपल्याचा वास नाही. साय नाही. घासून ठेवल्यासारखं पातेलं.

आणि तेव्हा तिला आवाज आला.

टक्…

टक्… टक्…

मागच्या खोलीतून. स्टीलचा पेला फरशीवर आपटावा तसा. जोरात नाही. आपटणाऱ्याच्या हातात जोर नसावा तसा.

ती दारापर्यंत गेली. दार तिनंच उघडं ठेवलं होतं. आत फक्त पेटी.

आवाज थांबला.

"ओ बाई!" अंगणाच्या भिंतीपलीकडून कोणी तरी ओरडलं, आणि दैवशाला दचकून बाहेर पळाली.

शेजारची बेबीनंदा होती. डोक्यावर पदर, हातात सुपारीचा अडकित्ता. डोळे लुगड्यावर.

"साळूबाईचं लुगडं कुणी टाकलं ते?"

"मी. का हो? त्या पुण्यात असतात ना?"

बेबीनंदा हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. "पुण्यात? दोन वर्षं झाली मरून. असाच मे महिना होता. पोरगा-सून आल्ते, लग्नाला जायचं म्हून म्हातारीला मागच्या खोलीत घातलं अन् कडी लावली. म्हनले, इकडंतिकडं फिरंल, पडंल. एक तांब्या पानी ठिवलं. दोन दिवसाचं लग्न, गेले चार दिवस."



"मग?" दैवशालानं विचारलं.

"मंग काय. तहानेनं गेली. जीभ अशी काळी पडल्ती. सगळे म्हनले, वयानं गेली. पोलीसबी आले न्हाईत."

"तुम्हाला काहीच कळलं नाही? भिंतीला भिंत तर आहे."

बेबीनंदानं अडकित्त्यात सुपारी धरली. कट् करून कातरली.

"आवाज यायचा ना. पेला आपटायची. टक् टक्. पहिल्या दिशी लई, दुसऱ्या दिशी कमी. दुसऱ्याच्या घरात कशाला पडावं, बाई? पोरगा वाईट वाटून घेतो."

तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली. गिऱ्हाईक आलं होतं.

हसनाबादकडचे सर्जेराव, त्यांची बायको आणि त्यांची आई झुंबरबाई. म्हातारी ऐंशीच्या पुढची, कंबरेत पार वाकलेली. चालताना तिचं तोंड जमिनीकडंच असायचं. गाडीतून उतरायला तिला कोणी हात दिला नाही. दैवशालानं दिला.

"तुझं घर का गं हे?" म्हातारीनं विचारलं.

"नाही आजी. मी दाखवायला आले."

"बरं हाय. सावली हाय."

"आई, बडबड नको," सर्जेरावाची बायको म्हणाली. "सहा महिन्यांपासून वैताग आणलाय यांनी. रात्री हिंडतात, गॅस चालू करतात. डोकं ठिकाणावर न्हाई."

"तुझं तरी कुठंय?" म्हातारी खालच्या मानेनंच म्हणाली.

दैवशालाला हसू आलं, पण टिकलं नाही.

सर्जेराव स्वयंपाकघर बघत होते, बायको पडद्यांना हात लावून बघत होती. दैवशालाचं मन थाऱ्यावर नव्हतं. सांगावं की नाही? सांगितलं तर गिऱ्हाईक जाणार, आणि हिनं ठरत आलेला सौदा मोडला असं जिल्हाभर होणार. नाही सांगितलं तर…

"आई कुठंय?" सर्जेरावांनी विचारलं.

झुंबरबाई मागच्या खोलीत होती. पेटीला टेकून खाली बसली होती. कोणाशी तरी हळूहळू बोलत होती. मधे थांबायची. ऐकायची. मान हलवायची.

"आजी, कोणाशी बोलताय?"

"हिला पानी दे गं आधी," म्हातारी म्हणाली. "घसा सुकलाय बिचारीचा."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"बघितलं?" सून म्हणाली. "हे असं चालू ऱ्हातं दिवसभर."

सर्जेरावांनी झरोका बघितला. दार ढकलून बघितलं. मग हात वर करून कडी सरकवून बघितली. एकदा. दोनदा.

"आईला हीच खोली," ते बायकोला म्हणाले.

दैवशाला माझी भाची आहे. मी तिला लहानपणापासून ओळखते. पोरगी भित्री, पण दगड नव्हे. तिनं तोंड उघडलं.

"भाऊ, एक सांगायचं राहिलं. या खोलीत एक म्हातारी मेली. पोरानं बाहेरून कडी लावली आणि चार दिवस आले नाहीत. पाण्यावाचून गेली ती. तिचंच लुगडं आहे बाहेर दोरीवर. तुम्ही हे घर घेऊ नका."



नवराबायकोनं एकमेकांकडं बघितलं. घाबरून नव्हे. ती नजर दैवशालाच्या डोक्यातून आजही जात नाही.

"मंग पोलीस वगैरे काही?" सर्जेरावांनी विचारलं.

"नाही. वयानं गेली असंच म्हणाले सगळे."

"अस्सं," ते म्हणाले.

आणि मग, अगदी साध्या आवाजात…

"कडी तर बराबर लागते ना अजून?"

त्यांनी घर घेतलं.

दैवशाला त्या दिवशी आपलं सामान भरून निघाली. लुगडं दोरीवरून काढायचं धाडस तिला झालं नाही. फाटकातून वळून बघितलं तर दोरी मोकळी होती. खाली मातीत ओल तेवढी होती, आणि ती ओल अंगणातून सरळ घराच्या उंबऱ्याकडं गेली होती. पावलांएवढ्या अंतरानं.

महिना गेला. तिनं मन कामात घातलं. अंबडला एक घर सजवलं, जालन्यात दोन. झुंबरबाईचा विचार आला की रेडिओ मोठा करायची.

जूनमध्ये एका सकाळी आठ वाजता तिचा फोन वाजला.

सर्जेराव.

"ताई… जल्दी या. मागच्या खोलीचं दार उघडत न्हाई."

आवाज ओळखू येत नव्हता. घशात वाळू भरल्यासारखा.

दैवशालाला एकच गोष्ट सुचली.

"आजींना पाणी दिलं का? भाऊ, आधी ते सांगा. पाणी दिलं का त्यांना?"

पलीकडं नुसता श्वास.

"भाऊ!"

"ताई… आई बाहेर हाय."

"काय?"

"आतमधी आम्ही हाओत. मी अन् मंडळी. काल दुपारपासून. आईला आत बसवाया गेल्तो, दोन दिवस गावाकडं जायचं होतं म्हून… तांब्या ठिवाया वाकलो अन् मागून कडी लागली. तांब्यातलं पानी… ताई, तांब्या भरलेला होता, आता त्यात… हसनाबादला कुनी फोन उचलून न्हाई राह्यलं. ब्याटरी…"

फोन बंद झाला.

ती तशीच निघाली. परतूरला पोचायला दहा वाजले.

फाटक उघडं होतं. झुंबरबाई ओट्यावर बसली होती, भिंतीला पाठ टेकून. हातात पाण्याचा पेला. घोट घोट पीत होती. तोंडावर तुकतुकी आली होती.

"ये गं. बस. उन्हाची आलीस."

आतून धपधप आवाज येत होता. मुठींचा. मग सर्जेरावाच्या बायकोचा घोगरा सूर. "आई… ओ आई… चुकलं हो…"

"आजी," दैवशाला म्हणाली, "कडी कोणी लावली?"

म्हातारीनं आपली वाकलेली पाठ दाखवली. "माझा हात पोचतो का बाई तिथवर?"

"मग?"

झुंबरबाईनं शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. ओट्याचा तेवढाच चौकोन ओला होता.

"ही म्हनली, जरा बसू दे. काय मरत न्हाईत इतक्यात."

आतला आवाज अजून चालू होता.

यापुढचं मला दैवशालानं जे सांगितलं ते एका वाक्यात आहे. "मी गेले, कडी काढली, आणि त्यांना बाहेर घेतलं, मावशी." ते दोघं जिवंत निघाले. गुडघ्यांवर रांगत नळापर्यंत गेले. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. संध्याकाळच्या आत ते हसनाबादला निघून गेले, ते परत आले नाहीत. झुंबरबाई गेली नाही. ती अजून त्याच घरात आहे, मागच्याच खोलीत, आणि दारावरून जाणारे सांगतात की दोन बायांच्या गप्पा ऐकू येतात.

हे सगळं मी मानते.

पण दिवाळीत मी परतूरला एका लग्नाच्या बोलणीला गेले होते, तेव्हा ती बेबीनंदा मला भेटली. मी ओळख सांगितली. तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमची भाची दहाला आल्ती. मी भिंतीवरून बघितलं ना," ती म्हणाली. "अन् त्या दोघांना भाईर काढलं तवा एक वाजून गेल्ता. तवर ती ओट्यावर बसल्ती, म्हातारीच्या बाजूला. आतून मानसं वरडत होती अन् ती…"

बेबीनंदानं अडकित्त्यातली सुपारी कट् करून कातरली.

"ती पानी पीत बसल्ती."

दैवशाला महिन्यातून एकदा माझ्याकडं येते. जेवते, राहते, माझे पाय चेपून देते. मी तिला त्या तीन तासांचं अजून विचारलेलं नाही.

ती आत झोपलेली असली की मी माझ्या खोलीचं दार उघडंच ठेवते.