पन्नासपैकी एकोणीस

"हे वर्णन ज्याने लिहिलंय ना, त्याला एकदा धरणगावच्या केळीत उभा करायला हवा!"

मेहरूण तलावाकाठच्या बाकावर बसून मी फोनवर डिंपलला, माझ्या मैत्रिणीला, सांगत होते. मांडीवर बोरांचा पुडा आणि डोक्यात नुसता संताप.

"उभा राहतो की... पण चूक तरी सांगा," बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

मी वळून बघितलं. सावळा, उंच, गळ्यात आमच्याच ऑफिसचं नवंकोरं ओळखपत्र. प्रेमराज. धुळ्याहून नुकताच रुजू झालेला, आणि ते वर्णनही त्याचंच!

लाजले? छे! फोन ठेवला आणि तोंडावर सांगितलं, "पन्नासपैकी एकोणीस. नापास."

आमची कंपनी केळीवाल्यांसाठी एआय एजंट बनवत होती. शेतकऱ्याने फोनवर बोलायचं, एजंटने हाताशी असलेल्या साधनांपैकी योग्य ते उचलायचं. एक साधन मजुरांसकट येणारी कापणीची गाडी कधी मोकळी आहे ते नुसतं सांगतं, दुसरं गाडी नोंदवूनच टाकतं. कुठलं कधी उचलायचं, हे बिचाऱ्याला त्या साधनाचं वर्णन वाचूनच कळतं. मी शेतकऱ्यांसारखे पन्नास प्रश्न विचारायचे आणि तो किती वेळा बरोबर जातो ते बघायचं, हे माझं काम.

"'या साधनाने कापणीची गाडी मिळते.' इतकं स्वच्छ लिहिलंय," तो म्हणाला.

"आणि कधी वापरू नये, ते कुठाय? माझे आबा विचारतात, 'भाऊ, परवा गाडी भेटी का?' म्हणजे त्यांनी गाडी मागवली का? अजून ते चार जणांना विचारतील, घडांवरून हात फिरवतील, मग कुठे म्हणतील, 'लिखी ले', म्हणजे घे लिहून. तुमचं वर्णन वाचून एजंट पहिल्याच प्रश्नाला गाडी पाठवतो. मजूर बांधावर हजर आणि घड कोवळे!"

तो माझ्याच पुड्यातलं एक बोर उचलून म्हणाला, "आमचे नाना कापसाचं असंच करतात... मला सुचायला हवं होतं."

चूक अशी सरळ कबूल करणारा माणूस मी आमच्या ऑफिसात पहिल्यांदाच बघत होते. डोळेही बरे होते. तरी गुण काही वाढवले नाहीत.

शनिवारी मोतीलाल सर, आमचे साहेब, टेबलाशी येऊन उभे राहिले. "सोमवारी शेतकऱ्यांच्या हातात द्यायचंय. पास लिही आणि सही कर."

"नाही करणार, सर."

"मग दुसरी नोकरी बघ."

मी पेन काही उचललं नाही. तेवढ्यात मागून आवाज आला. "सर, वर्णन माझं आहे आणि ते चुकलंय. तिला काढणार असाल, तर आधी मला काढा."

नोकरीला महिना झाला नव्हता त्याच्या! सरांनी दोघांकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि रविवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली.

रविवारी आम्ही दोघं एकाच पडद्यासमोर. तो लिहायचा, मी खोडायचे. 'नुसती विचारपूस असेल तर हे साधन वापरू नये. शेतकऱ्याने स्वतः नोंदवायला सांगितलं, तरच वापरावं.' पन्नासपैकी अठ्ठेचाळीस! आनंदाच्या भरात मी त्याचा हात धरला... आणि सोडायचं राहून गेलं.

त्याने दुसऱ्या हाताने एक चिठ्ठी पुढे सरकवली. 'प्रेमराज. कधी वापरावा : चहाला, भांडायला, जन्मभर सोबतीला. कधी वापरू नये : हो ला हो करणारा हवा असेल तर.'

मला हसू आलं, आणि डोळेही भरले. स्थळांसाठी घरच्यांनी लिहिलेलं माझंही एक वर्णन गावोगाव फिरत होतं : शांत, मनमिळाऊ, सगळ्यांचं ऐकणारी. ते वाचून येणारा प्रत्येक मुलगा चुकीच्या दारात यायचा, आणि मी खाली मान घालून पोहे द्यायचे. आता बास.

"आमच्या घरी जातीवरून आकाशपाताळ एक होईल," मी म्हणाले. "तुमच्याकडेही."

"होईल. नानांना मी सांगेन."

"आबांना मी. तू मध्ये बोलायचं नाहीस."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कोण जाणे. तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "सुलक्षणा, मी नुसतं विचारतोय हं... तुझा होकार धरलेला नाही. वेळ घे, चार जणांना विचार..."

कुणाला विचारू? माझा घड माझ्याच हाताखाली होता, आणि तो तयार होता.

"लिखी ले," मी म्हणाले.