त्या दिवशी फोनवर कोण होतं

टेपरेकॉर्डरने टेप गिळली, तेव्हा छावणीतले आचारीमामा नेमके रडायच्या बेतात होते. ‘त्या दिवशी मी…’ एवढं म्हणून त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि यंत्रातून मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला. मामा रडायचं विसरले. रडकुंडीला आली ती.

छावणीच्या कचेरीत ती टायपिंगचं काम करायची. पाच वर्षांपूर्वी राजधानीतल्या मोठ्या स्टेशनाला आग लागली होती आणि सगळा देश दिवसभर रेडिओला कान लावून बसला होता. माणसं बाहेर काढायला याच छावणीतले जवान आत शिरले, आणि छत खाली आलं. अठरा जण परतले नाहीत. त्यांच्यासाठी आता छावणी पुस्तक काढणार होती. त्या दिवशी आपण कुठे होतो ते प्रत्येकाने सांगायचं, तिने ऐकून टाइप करायचं. कोणी दाढी करत होता. बातमी आली आणि एका गालाला साबण तसाच राहिला, तो संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षातही आला नाही. कोणी हरवलेल्या मोज्यावरून मित्राशी भांडत होता. मोजा सापडला, मित्र परत आला नाही.

त्या अठरा जणांमध्ये तिचा दादा होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिच्यासमोर सगळे जरा हळूच आठवायचे.

यंत्र बघायला वर्कशॉपमधून वायरमन आला. उंच, हातात मोडकी छत्री, केसांतून पावसाचं पाणी निथळतंय, आणि खिशाला पेनासारखा स्क्रू ड्रायव्हर खोचलेला. दारात तिला पाहून तो क्षणभर थबकला… मग आत आला.

“कोणी केलं हे?”

“त्याने स्वतःच. मी फक्त बटण दाबलं.”

“सगळे असंच म्हणतात.”

त्याने पेन्सिलीवर टेप गुंडाळत गुंडाळत सोडवली, एखाद्या बाळाच्या मुठीतून केस सोडवावेत इतक्या हलक्या हाताने. ती बघत राहिली. यंत्र सुरू झालं तेव्हा तिने त्याला बजावलं, की आता आलाच आहात तर तुमचीही आठवण सांगून जा. तो म्हणाला, “माझी काय आठवण… मी खुर्चीत बसलो होतो.” आणि छत्री न घेताच निघून गेला.

छत्री परत करायला ती वर्कशॉपमध्ये गेली. मग रेकॉर्डर दर तीन दिवसांनी आजारी पडू लागला. त्यातले दोन आजार खरे होते.

तो तिला मास्तरीणबाई म्हणायचा, कारण ती जवानांची वाक्यं दुरुस्त करायची. ती त्याला म्हणायची, तुमचं तर एक वाक्य धड नाही, सगळी अर्ध्यावर तुटतात. “वायर कमी पडते,” तो म्हणायचा. ती हसायची, आणि हसल्यावर तिला चोरी केल्यासारखं वाटायचं. कितीतरी दिवसांनी कोणासाठी तरी तिने केस नीट बांधले होते. पण आठवणीचा विषय निघाला की तो कुठला तरी स्क्रू शोधायला लागायचा.

एका दुपारी पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की रेकॉर्डिंग शक्यच नव्हतं. दोघंच होती. काय झालं कोण जाणे, तिनेच सांगायला सुरुवात केली, आजवर कोणालाच धड न सांगितलेलं.

त्या दिवशी ती घरून छावणीला फोन करत होती. अकरा वेळा लागला नाही. बाराव्यांदा कोणीतरी उचलला आणि म्हणाला, तुमचा दादा ठीक आहे, काळजी करू नका. तिने ते आईला सांगितलं. आई हसली. तिने दादाची गादी उन्हात टाकली, उशीला धुतलेला अभ्रा घातला. चार तास घर असं आनंदात होतं. मग दारात गाडी थांबली आणि दोन अधिकारी टोप्या हातात घेऊन उतरले.

पुढे काकांनी छावणीला विचारलं, तर लेखी उत्तर आलं, की छावणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून असा निरोप कोणीही दिलेला नाही. तेव्हापासून आईने एकच धरलं, की पोरीने मनाने रचून सांगितलं. ती रागावली नाही. फक्त तेव्हापासून लेकीच्या शब्दावर तिचा विश्वास उरला नाही. गॅस बंद केला म्हटलं तरी आई उठून बघून येते.

“आता तर मलाच वाटतं,” ती म्हणाली, “तसं कोणी बोललंच नसेल. मीच ऐकलं असेन… मला हवं तसं.”

वायरमन घट्ट झालेलाच स्क्रू फिरवत राहिला. पाऊस थांबायच्या आत तो उठून गेला. मग चार दिवस फिरकला नाही.

पाचव्या दिवशी आला तो कडक इस्त्रीच्या गणवेशात. बसला आणि म्हणाला, “माझी आठवण घ्या.”

तिने बटण दाबलं.

“त्या दिवशी मी टेलिफोन एक्स्चेंजवर होतो,” तो म्हणाला. “समोर गेलेल्यांची यादी होती. नियम असा, की फोनवर कोणालाच काही सांगायचं नाही, माणूस घरी जाऊन सांगेल. मी सकाळपासून नियम पाळला. मग एक मुलगी आली लाइनवर. ती ‘माझा दादा’ म्हणाली, नाव सांगितलं… ते यादीत तिसरं होतं. मी म्हणालो, तुमचा दादा ठीक आहे.”

टेप फिरत होती. तिचे हात टेबलावर होते तिथेच राहिले.

“नंतर साहेबांनी विचारलं. मी नाही म्हणालो. लेखी दिलं. नोकरी गेली असती, दुसरं काही कारण नाही. मग फोनला हात लावणंच नको म्हणून वर्कशॉप मागून घेतलं.”

“मी कोण ते कधी कळलं तुम्हाला?”

“पहिल्याच दिवशी. परत यायचं नाही असं ठरवलं होतं. पण यावंसं वाटायचं. घरी तुमच्यावर हे येईल ते नव्हतं माहीत… तुम्ही मला फार आवडता. पण हे सांगितल्याशिवाय ते सांगायला तोंड नव्हतं.”

पाच वर्षं ती ज्या आवाजाला शोधत होती, त्याच आवाजाने ती गेले दोन महिने हसत होती. तिला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. आणि त्याच वेळी छातीवरचं ओझं कोणीतरी उचलावं तसंही वाटलं. म्हणजे ते खरंच कोणीतरी बोललं होतं. ती खोटं नव्हती बोलली, आणि वेडीही झाली नव्हती.

तिने यंत्र बंद केलं. “हे इथे नको,” ती म्हणाली. “घरी येऊन आईला सांगा.”

रविवारी दुपारी तो आला. आईने खुर्ची दिली, तो उभाच राहिला. जे टेपला सांगितलं तेच त्याने सांगितलं, एक शब्द कमी केला नाही.

आईने ऐकून घेतलं. मग विचारलं, “हिने मनाने नव्हतं सांगितलं?”

“नाही. मी बोललो होतो.”

आई लेकीकडे वळली, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि हात तिथेच ठेवला. “पाच वर्षं गप्प का राहिलीस गं?”

“नव्हते राहिले, आई.”

आईचा चेहरा आक्रसला. कितीतरी दिवसांनी ती लेकीच्या खांद्यावर डोकं टेकवून रडली, आवाज करून, लहान मुलासारखी. जरा वेळाने तिने डोळे पुसले आणि त्याला म्हणाली, “तुम्ही जा आता.”

ती त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. भुरभुर पाऊस होता. दोघंही भिजत होती, आणि दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

“साहेबांना काल सगळं लेखी दिलंय,” तो म्हणाला. “चौकशी होईल. तोवर बदली केलीय, सरहद्दीवर. पंधरा दिवसांनी निघायचंय.”

तिने मान हलवली. फाटकाची कडी तिच्या हातात होती.

“आईने तुम्हाला माफ केलेलं नाही,” ती म्हणाली. “मीही नाही… अजून.”

“मी माफी मागितलेली नाही.”

तो वळला. दोन पावलं गेला असेल.

“पुढच्या रविवारी या,” ती म्हणाली.

तो मागे वळून बघतच राहिला. त्याचं वाक्य पुन्हा अर्ध्यावर तुटलं. “पण मी तर पंधरा दिवसांनी…”

“म्हणजे दोन रविवार आहेत,” ती म्हणाली.