हजर

बूट धुऊन फळ्यांवर ठेवले ना सगळ्यांनी? उलटे ठेवले ना, पाणी निथळायला? मग बसा. दार राहू दे उघडं. उद्यापासून तुम्ही चौघं पाहुण्यांना वाट दाखवणार, म्हणून हे आजच सांगून टाकतो. संध्याकाळी मी मोजणीचा नियम समजावत होतो तेव्हा तुम्ही एकमेकांना कोपराने ढोसत होतात. म्हाताऱ्याचे डोळे अधू झालेत, गेलेले नाहीत.

तर हे माझ्या भाच्याच्या बाबतीत घडलेलं आहे. तुम्ही त्याला ओळखता. जेवताना ताटं मांडतो आणि स्वतःचंच मांडायला विसरतो, तो. तुम्ही हसता त्याला. मीही आधी हसायचो.

सात वर्षं होत आली. तेव्हा आपला कॅम्प एवढा मोठा नव्हता. दहा तंबू, एक स्वयंपाकाची शेड आणि ही बुटांची पडवी. फाटकावरचा बोर्ड मात्र तेव्हाही हाच होता. दीपगृह, पक्ष्यांची दलदल, पाणमांजरांचं वळण आणि शेवटी लाल अक्षरात ओहोटीची गुहा. दिवसा लोक दलदलीत बगळे बघायचे, दीपगृहाच्या पायऱ्या मोजत वर जायचे. पाणमांजरं कधी दिसायची, बहुतेक वेळा त्यांनी खाऊन टाकलेल्या खेकड्यांच्या नांग्याच दिसायच्या. पण लांबून माणसं यायची ती गुहेसाठी. अमावास्येला, रात्रीच्या ओहोटीला. आत वर वटवाघळं लटकलेली आणि खाली डबक्यात ते चमकणारं पाणी. पाणी नुसतं असतं तेव्हा काळं ठिक्कर. बोट बुडवलं, ढवळलं, की निळं पेटतं. हललं तरच चमकतं, हे लक्षात ठेवा. पाहुणे विचारतातच.

आणि म्हणूनच बॅटरी न्यायची नाही. उजेडाने वटवाघळं उठतात आणि पाणीही दिसत नाही. सगळे अंधारात, एकामागे एक. माणसं आहेत की नाहीत हे कळायचा रस्ता एकच. पुढच्याने एक म्हणायचं, त्याच्या मागच्याने दोन, असं शेपटापर्यंत.

त्या अमावास्येला मला ताप भरला होता. एरवी गुहेवर मीच जायचो. भाच्याला म्हटलं, बाबा, आज तू जा. रात्री आठ वाजता फाटकाशी घोंगडी पांघरून उभा राहिलो आणि पाहुण्यांची मोजणी मीच केली. एक, दोन, तीन... अकरापर्यंत नीट आलं. शेवटी एक बाई होत्या. निवृत्त शिक्षिका, साठीच्या पुढच्या, एकट्याच आलेल्या. चष्म्याला दोरी, हातात काठी. बारा म्हणायच्या ऐवजी त्या म्हणाल्या, "हजर."

मी म्हटलं, "बाई, आकडा सांगा."

"तेहेतीस वर्षं मी हजेरी घेतली हो," त्या म्हणाल्या. "एकदा देऊन बघू द्या की."

सगळे हसले. भाचाही हसला, माझ्या शेजारीच उभा होता. मी त्याला सांगितलं, "बारा आहेत. बारा नेतोयस, बारा आण." आणि जाऊन झोपलो.

आता नीट ऐका. मी मोजतो तेव्हा स्वतःला धरत नाही. माझा मामा मोजायचा तसं. पण हे मी भाच्याला कधी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काय त्यात, असं वाटलं. परतताना वाटेवरच्या कासवखडकाशी त्याने मोजणी घेतली. पुढे चालणारा पहिला, असा त्याचा साधा हिशेब. तो स्वतः म्हणाला, एक. मागून दोन आलं, तीन आलं... शेवटी बारा आलं. बरोबर बारा. तो निर्धास्त परत आला.

सकाळी ताप उतरला म्हणून मी पडवीत आलो. फळ्यांवर नंबर आहेत ते तेव्हाही होते, मोजणीत जो आकडा त्याच फळीवर बूट. बारा नंबरची फळी रिकामी. गमबूट नाहीत. पलीकडे नळावर भाचा दात घासत होता.

"काल किती आणलेस?" मी विचारलं.

"बारा."

"तुला धरून?"

त्याच्या तोंडात ब्रश तसाच राहिला. नळ वाहत होता, तो बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

गुहेत काठी सापडली. बाई नाही सापडल्या, बूटही नाही. भरतीला ती गुहा छतापर्यंत भरते. चौकशी झाली, अपघात म्हणून कागदावर लिहिलं गेलं. बाईंना मागे-पुढे कोणी नव्हतं. कोणी जाब विचारायला आलं नाही, कोणी शिव्या द्यायलाही आलं नाही. कोणीतरी येऊन आपल्या दोन थोबाडीत मारायला हव्या होत्या, असं भाचा मला म्हणाला होता. मी म्हटलं, आधी मला मारायला हव्या होत्या. चूक निम्मी माझी होती. ती वाटून घेतली म्हणून हलकी झाली नाही.

एक गोष्ट त्याने फक्त मला सांगितली, तीही एकदाच. "मामा, आकडा जुळला. पण शेवटी 'हजर' नाही आलं. 'बारा' आलं, कुठल्यातरी पुरुषाच्या आवाजात. मी ऐकलं होतं. तरी पाऊल उचललं."

त्याने काम सोडलं नाही. मी सोड म्हटलं तरी नाही. पण त्या दिवसापासून तो स्वतःला कशातच धरत नाही. ताटात नाही, चहाच्या कपात नाही. मोजणी तीनदा. फाटकाशी, गुहेच्या तोंडाशी, कासवखडकाशी. बारा नंबरची फळी मी रिकामीच ठेवली. नवे बूट आणायला मन धजलं नाही.

अशी सहा वर्षं गेली.

मग हा गेला हिवाळा. अमावास्या, गुरुवार. ओहोटी रात्री नऊला. पाहुणे आठ होते. भाच्याची बायको, आपली चादरी-उशांचं बघते ती, त्या दिवशी हटूनच बसली. नऊ वर्षं इथे संसार केला, आल्या-गेल्याने ते पाणी पाहिलं, हिने नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. "अहो, आज मी येणार," ती म्हणाली. "मला काय चादरीच दाखवत राहणार का जन्मभर?"

त्याच्या मनात नव्हतं. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? तिला त्याने सगळ्यात मागे ठेवलं. म्हणाला, "तुला वाट पायाखालची आहे. शेपूट तू सांभाळ."

फाटकाशी एक ते नऊ. नऊ तिचं. गुहा पाहून झाली, लोक खूश. गुहेच्या तोंडाशी पुन्हा मोजणी. एक ते नऊ. नऊ तिचंच, जरा हसरं. तो पुढे लागला, मागे रांग.

तिथून कासवखडक सात-आठ मिनिटांवर. वाळू ओली, पावलांचा आवाज नाही. उजवीकडे समुद्र परतायला लागलेला. दीपगृहाचा झोत दर पंधरा सेकंदांनी डोक्यावरून जायचा. तेवढाच उजेड. मग पुन्हा काही नाही.

नऊ वाजून पन्नास मिनिटांनी तो खडकाशी थांबला. म्हणाला, मोजा.

एक.

दोन.

तीन... चार... पाच.

सहा. सात.

आठ.

मग काही नाही.

तो थांबला. असेल चालताना दमलेली, असं त्याला वाटलं. लाट आली, गेली. कुठेतरी टिटवी ओरडली आणि गप्प झाली.

मग रांगेच्या शेवटून आवाज आला.

"हजर."

पाहुणे हसले. कोणी म्हणालं, वहिनी मजेशीर आहेत. भाचा हसला नाही. बायकोचा आवाज तो झोपेतही ओळखेल. हा तिचा नव्हता. म्हातारा आवाज. स्वच्छ. शाळेतला.

आणि तो शब्द... तो शब्द त्याने बायकोला कधी सांगितलाच नव्हता.

झोत येईपर्यंत तो हलला नाही. झोत आला. डोकी दिसली. त्याने मोजली. आठ. आठव्याच्या मागे नुसती वाळू.

आता त्याच्या जागी तुम्ही स्वतःला ठेवा. आकडा जुळला होता. आठ आवाज आणि एक, नऊ. सहा वर्षांपूर्वी जुळला होता तसाच जुळला होता.

तो पाहुण्यांना म्हणाला, "ही खडकाला बांधलेली दोरी धरा. सोडू नका. दोरी संपते तिथे कॅम्पचं फाटक आहे." आणि उलटा पळत सुटला.

गुहेच्या तोंडाशी पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं. आत कमरेपर्यंत. तो हाका मारत होता, वटवाघळं उठून त्याच्या तोंडावर येत होती. आतून ओ आली. ती होती. शेवटचं एकदा पाणी ढवळून बघावं म्हणून ती मोजणी झाल्यावर परत आत वळली होती. धावत जाऊन रांग गाठू, असं तिला वाटलं. दोन दगडांच्या फटीत पाय बुटासकट अडकला. दोघांनी मिळून जोर लावला. एकदा नाही निघाला. दुसऱ्यांदा नाही. पाणी छातीला लागलं तेव्हा निघाला.

वाळूवर आल्यावर ती म्हणाली, "त्या बाईंनी लवकर निरोप दिला म्हणायचा."

"कोण बाई?"

"आत होत्या ना एक. म्हाताऱ्या. दिसत नव्हतं, पण माझा हात धरून बसल्या होत्या. हात किती गार त्यांचा... मला वाटलं, आपल्या पाहुण्यांपैकी."

तो चालत राहिला.

"त्यांनी विचारलं, मोजलं का गं तुला? मी म्हटलं, मोजतील, माझे यजमानच आहेत. तर त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, बरं, मग मी जाऊन सांगते." तिने विचारलं, "पोचल्या ना त्या? पायाने अधू वाटत होत्या."

भाच्याने तिचा हात घट्ट धरला होता. तो म्हणाला, "पोचल्या."

आणि मग रडला. चालता चालता रडत होता, फाटकापर्यंत.

इकडे मी या पडवीत होतो. इथेच, या बाकावर. आठ पाहुणे दोरी धरून आले, बूट काढून फळ्यांवर ठेवून गेले. मी नऊ नंबरच्या रिकाम्या फळीकडे बघत बसलो होतो. बाकावरून उठलो नाही. दारातून दुसरं कोणी आलं नाही. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

मग ती दोघं आली. निथळत. तिने बूट काढले, मी घेतले, नऊ नंबरवर ठेवायला वळलो.

भाचा माझ्यामागे बघत होता.

"मामा," तो म्हणाला. "बारा."

बारा नंबरच्या फळीवर बूट होते. जोडी. उलटे नाहीत, सरळ. टाचा जुळवून ठेवलेले. काठोकाठ पाणी.

त्याने त्यांच्यापुढे हात जोडले. मी जोड्या मोजल्या, पाहुण्यांच्या आठ, तिची एक, आणि ही दहावी. स्वतःला न धरता.

आठ महिने झाले. ते बूट आम्ही हलवलेले नाहीत. पाणी ओतलं नाही, भरलं नाही. उन्हाळा येऊन गेला, ते आटलं नाही. तुमच्यातला एक मघापासून त्या फळीला टेकून बसलाय, त्याला माहीत नव्हतं म्हणून मी बोललो नाही. ऊठ सावकाश. घाबरू नकोस, तिथे आपलं वाईट चिंतणारं कोणी नाही.

तर नियम एवढाच. स्वतःला धरायचं नाही. आणि शेवटचा आकडा आला की लगेच पाऊल उचलायचं नाही. एक श्वास थांबायचं. कोणाचं काही सांगायचं राहिलं असेल तर...

आता तो कंदील मालव. मालव, सांगतो ना.

सगळे लांब आहात ना फळीपासून? कोणाचा धक्का लागत नाही ना?

मग बघा बुटांत.

निळं दिसतंय?