लाल दोऱ्याची पट्टी

सासूबाईंनी सुनेच्या डोळ्यांदेखत त्या पांढऱ्या पट्टीवरचा शेवटचा लाल टाकाही उसवला... आणि सून मशीनचा कोपरा धरून मटकन खालीच बसली.

झालं होतं असं, की शिवणकामात चाळीस वर्षं घालवलेल्या सासूबाईंच्या हाताला एक खोड होती. वाकडा टाका दिसला की उसवायचा, मग तो कुणाचा का असेना. मशीनच्या खणात ही पट्टी सापडली, बारा ओळी, सगळ्या वेड्यावाकड्या. "सरावाला तरी सरळ शिवावं माणसानं," म्हणत त्यांनी दोरा केरात टाकला.

"आई, तो सराव नव्हता हो," सून थकल्या आवाजात म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दुखेल तो दिवस मांडून ठेव. कामात वही कुठे शोधत बसू? एक ओळ म्हणजे एक महिना. दुखलं त्या दिवशी एक टाका, उभंच राहवलं नाही तर दोन. उद्या दाखवायची होती."

"पाळी काय तुला एकटीलाच येते?" सासूबाई सवयीनं बोलून गेल्या.

"हे नुसतं पाळीचं नाही. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, नको तिथे वाढतं. एंडोमेट्रिओसिस म्हणतात. गोळ्यांनी आवरलं तर ठीक, नाहीतर दुर्बिणीतून ऑपरेशन... पण राहू दे. नणंदबाईंच्या लग्नाचे कपडे व्हायचेत. मी नाही जात उद्या."

वर्षभर ती हेच म्हणत आली होती, आणि घरानं ते खुशाल ऐकून घेतलं होतं...

सासूबाईंनी चष्मा लावून पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. दोरा गेला होता, पण सुईची भोकं कुठे जातात? कुठे जोडीनं पडलेली, कुठे कापड ओढत गेलेली. टाक्यावरून हात ओळखणारी बाई ती, आणि ही थरथर आळसाची नाही, हे कळायला तिला वर्ष लागलं.

"हा कुठला महिना गं? सगळी ओळच भरलीय."

"तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तो."

त्या महिन्यात हिनंच त्यांना धरून चालवलं होतं, न्हाऊ घातलं होतं...

सासूबाई पट्टी घेऊन मशीनजवळ बसल्या. सुईत लाल दोरा ओवायला गेल्या, तीनदा हुकल्या. शेवटी सुनेनंच ओवून दिला.

"पोटाला शेक घे आणि पड जरा. उद्या मी येते बरोबर," त्या म्हणाल्या. "लग्नाचे कपडे मी शिवते. वाकडे झाले तर तू उसव."

आणि त्या त्याच भोकांतून एकेक टाका परत घालू लागल्या... जिथे सुनेचा हात थरथरला होता, तिथे अगदी तस्साच, वाकडा.