टेकडीवरून आलेले सहा आकडे

"सर, थांबा! आता हात नका लावू! एकच संधी राह्यली!" रश्मी ओरडली.

अजय सरांनी चटका बसल्यासारखा की-बोर्डवरचा हात मागे घेतला. मे महिन्याची सुट्टी, दुपारचे अडीच, आणि संगणक खोलीतला पंखा नुसताच गरम वारा ढवळत होता. पडद्यावर लाल अक्षरं उमटली होती: ‘कोड चुकला. आणखी एकदा चुकल्यास खातं चोवीस तास बंद राहील.’

चोवीस तास! इथे तर चार वाजेपर्यंतचीच मुदत होती. चंद्रपूरच्या पक्षी शिबिराचा अर्ज शाळेच्या खात्यातून, शाळेच्या याच संगणकावरच्या ॲपमधून पाठवायचा होता. अर्ज होता सातवीतल्या मंगलीचा. मंगली फारसं बोलत नसे, पण जंगलातल्या बावीस पक्ष्यांचे आवाज तिने टिपले होते आणि प्रत्येकाचं गोंडी नाव म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढलं होतं. शाळेला शिबिरात एकच जागा होती. आज अर्ज गेला नाही, तर ती दुसऱ्या शाळेला जाणार होती.

"पासवर्ड तं बरोबर हाय न सर?" पोचूने विचारलं. पोचू मंगलीच्याच वर्गात होता आणि गप्प बसणं हा त्याच्या दृष्टीने आजार होता.

"पासवर्ड बरोबरच आहे रे! त्याच्यानंतर कोड मागते. तो मी कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. दोनदा टाकला. मागच्या वेळी हाच चालला होता!"

आठवीतल्या रश्मीने कॅलेंडर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. फेब्रुवारीच्या पानावर सहा आकडे झोकात लिहिले होते. "सर, कोड दरवेळी नवीन येते! एसटीचं कालचं तिकीट आज चालते काय?"

"असं होय? मग ॲप काढून टाका आणि नव्याने टाका," सर घड्याळ बघत म्हणाले. त्यांना आरमोरीला लग्नाला जायचं होतं आणि त्यांचं अर्धं मन केव्हाच पंगतीला बसलं होतं.

"ॲप काढलं तं मंगलीचे आवाजबी जातीन! सारे त्याच्यातच हायत!"

"मग तुम्हीच बघा काय ते. पण जपून!" एवढं सांगून सरांनी मोटरसायकलला किक मारली. जबाबदारी मुलांच्या गळ्यात आणि सर वऱ्हाडात!

मंगलीचे डोळे भरून आले. "राहू दे रश्मीताई. नाई जमत तं नाई."

"काऊन नाई जमत? रडू नको, वाच! खाली बारीक अक्षरात काय लिहून हाय?"

मंगलीने डोळे पुसून वाचलं. "कोड शेवटी अडतीस असलेल्या नंबरवर पाठवला जाईल."

अडतीस! पण हा अडतीस कोणाचा? तिघं धावत ऑफिसात गेली. भिंतीवर सगळ्यांचे नंबर लिहिलेले होते. मुख्याध्यापिकाबाईंचा एकाहत्तर, सरांचा शून्य चार आणि सगळ्यात खाली ‘शाळेचा फोन’. त्याच्या शेवटी होते तीन आणि आठ!

"सापडला!" म्हणत पोचूने कपाट उघडलं. आत नुसता चार्जर लोंबकळत होता. फोन गायब!

"चोरी!" पोचू कुजबुजला, आणि त्याला थोडा आनंदच झाला.

शाळेचे शिपाई देवराव भाऊ घराच्या सावलीत बांबूचं टोपलं विणत बसले होते. मुलांनी धापा टाकत विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "फोन? तो झाडावर हाय."

"झाडावर?"

"मंग काय! शाळेत रेंज कुठी हाय? मागं एक सरकारी मेसेज चुकला तं बाईनं मलेच झापलं. तवापासून टेकडीवरच्या मोहाले टांगून ठेवला. साऱ्या गावाचे फोन तिथीच राह्यतेत. संध्याकाळी जाऊन पाहून येतो."

खरंच होतं. गावात रेंज अशी फक्त त्या मोहाच्या झाडाखालीच येई. फांद्यांना पिशव्या आणि पिशव्यांत फोन! शाळेच्या संगणकाला ग्रामपंचायतीच्या तारेतून नेट मिळे, तेवढंच काय ते.

"म्हणजे आपले कोड झाडावर पिकून राह्यले!" पोचू म्हणाला.

रश्मीला मात्र हसू आलं नाही. तीन वाजून गेले होते. कोड फक्त पाच मिनिटं चालणार आणि टेकडीवरून शाळेत पळत यायला पंधरा मिनिटं लागणार. फोन खाली आणावा, तर रेंज नाही. बरं, तो फोनही बटणांचा, साधा. त्यावरून संगणकाला काही धाडायची सोय नाही.

"पळून होत नाई. ओरडलं तं आयकू येईन काय?" तिने विचारलं.

"शब्द समजणार नाईत," मंगली हळूच म्हणाली. "पण डबा समजंन."

"कोनता डबा?"

"रानडुकरं हाकलाचा! पोचूच्या मचानावर हाय न. रात्री बडवते तं आमच्या घरापर्यंत आयकू येते."

पोचूने उडीच मारली. बेत ठरला. पोचू आणि देवराव भाऊंनी डबा घेऊन टेकडीवर जायचं. रश्मीने कोड मागितला की मंगलीने शाळेची घंटा वाजवायची. मग पोचूने जो आकडा, तितके ठोके मारायचे, दोन आकड्यांमध्ये थोडं थांबून. टोपलं तसंच टाकून देवराव भाऊ उठले. "चाल लेका! माह्यामुळं पोरीचं नुकसान नाई होऊ देणार."

साडेतीनला टेकडीवर देवराव भाऊंचा लाल गमछा हलला; दोघं पोचले होते. रश्मीने बटण दाबलं. ‘कोड पाठवला आहे.’ मंगलीने घंटा घणघणवली आणि ती ओसरीत डोळे मिटून उभी राहिली.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग दुरून आवाज आला: ठण्, ठण्, ठण्...

"सात!" मंगली ओरडली. "तीन!"

आणि मग खर्रर्रर्र असा विचित्र आवाज आला.

"हे काय आता? ठोका नाई, काई नाई! डबा पडला काय?"

आपण काय विसरलो? नऊपर्यंतचे ठोके ठरवले होते, आणि... "शून्य! शून्याचं ठरवलंच नाई आपण! शून्याले ठोका कसा मारंन तो? म्हणून काठी घासली त्यानं! शाबास रे पोचू!"

पुढे पाच आले, मग दोन. शेवटचा आकडा रश्मीनेही कान देऊन मोजला. "सात?"

"सहा," मंगली म्हणाली.

"अवं, मी सात मोजले!"

"शेवटचा ठोका नाई, पडसाद होता. तो पलीकडच्या खडकावरून आला. सहाच."

एक चूक आणि सगळं संपणार! रश्मीने तिच्याकडे पाहिलं. मंगलीच्या चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नव्हता. रश्मीने सहा टाकला आणि श्वास रोखून बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. चक्र फिरलं. फिरलं... आणि खातं उघडलं!

"उघडलं! उघडलं!" दोघी इतक्या नाचल्या की ओसरीतलं कुत्रं भुंकत पळालं. आवाज एकेक करून चढू लागले. चारला सहा मिनिटं कमी असताना अर्ज गेला, आणि पाठोपाठ उत्तर आलं: ‘अर्ज पूर्ण मिळाला. तुमच्या शाळेची जागा मंगलीसाठी निश्चित केली आहे.’

संध्याकाळी अजय सर लग्नातली बुंदी घेऊन आले आणि सगळी हकिगत ऐकून खाली बसले. "जुना कोड दोनदा टाकला मी. चूक माझी होती," ते सरळ म्हणाले. "मी सोडून गेलो ते काम तुम्ही तडीला नेलंत. मंगली, तुझ्या कानाला माझा सलाम!"

"आन् पोचूच्या डोक्याले!" देवराव भाऊंनी त्याची पाठ थोपटली. "शून्य आला तं मी घाबरलो, पन हा नाई घाबरला. रश्मीबाई, तू तं कलेक्टर होशीन!"

तेवढ्यात मंगलीची आई डोक्यावर तेंदूपानांचा भारा घेऊन रानातून आली. शाळेसमोर एवढी माणसं पाहून ती घाबरून थबकली. पोचूने ॲप, कोड, डबा सगळं एका दमात सांगून टाकलं. तिला त्यातलं काहीच कळलं नाही. तिने मंगलीला एवढंच विचारलं, "जागा तुले भेटली?"

"मलेच भेटली, माय."

आईने भारा तिथेच खाली टाकला आणि पानांच्या चिकाने काळ्या झालेल्या दोन्ही हातांनी लेकीला जवळ घेतलं.