अर्धी भाकरी

भैरवी खरं तर पत्ता विचारायला थांबली होती. कसबा बावड्यात नव्वदी ओलांडलेली माणसं काय खातात, कधी खातात, यावर तिचा अभ्यास चालला होता. आणि इथं एका घराच्या सोप्यात त्र्याण्णव वर्षांचे आकारामआण्णा, दिवस मावळायच्या आत, हुलग्याच्या पातळ माडग्यात भाकरी कुस्करत बसलेले! पत्ता राहिला बाजूला. तिनं तिथंच बसकण मारली.

"पावणं कुणीकडचं म्हणायचं?" दारातून आण्णांच्या नातवानं, अमरसिंहनं विचारलं. तिनं वर पाहिलं... आणि वहीत वार चुकीचा लिहिला.

आण्णांचं रोजचं खाणं टिपायचं काम अमरसिंहनं आपणहून घेतलं. पहिला आठवडा, संध्याकाळी दोन भाकऱ्या. दुसऱ्या आठवड्यापासून अर्धीच! भैरवीनं त्या नोंदीखाली दोन रेघा ओढल्या. या वयात भूक मेली म्हणजे... ती दर दोन दिवसांनी येऊ लागली.

"अजून अर्धीच?"

"अर्धीच की, मॅडम," तो नजर चुकवत म्हणायचा. चहा मात्र आलं ठेचून, आठवणीनं आणायचा.

आज न राहवून तिनं आण्णांनाच विचारलं, "आण्णा, जेवण का जात नाही?"

"मला?" आण्णा खळाळून हसले. "दोन खातोय की! समोर माणूस बसलं की जात्यात. आमचं अमरच नुसतं चिवडत बसतंय."

धान्य, वजन, वेळ... वहीत सगळ्याला रकाने होते. समोर कोण बसतं, याला नव्हता. भैरवीनं वही मिटली. मग ती घेऊन ती तरातरा परसात अमरसिंहकडं गेली.

"तीन महिन्यांत रोजची नोंद ठेवणारं एकच घर मिळालं होतं मला. आता ही पानं रद्द करावी लागणार. कळतंय तुम्हाला?" तिनं वही त्याच्यापुढं धरली.

अमरसिंहनं मान खाली घातली. "चुकलं माझं. पर अर्धी भाकरी खोटी न्हाय... माझी हाय ती. तुमची वही भरली की तुमचं येणं संपणार, ह्या इचारानं घासच उतरंना—"

"म्हणून आण्णांच्या काळजीनं माझा जीव टांगणीला लावलात? भेटायचं होतं तर सरळ विचारायचं!"

"इचारलं असतं, तर आला असता व्हय?"

'नाही' म्हणायला तिनं तोंड उघडलं. राग खरा होता, पानं वाया गेल्याचं दुःखही खरं. पण गेले दोन आठवडे इकडं यायच्या दिवशी ती सकाळपासून खुशीत असायची, आणि ती खुशी काही आण्णांच्या भाकरीची नव्हती.

"पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तरी आले असते," ती म्हणाली.